काकांनी पैसे उचलले, आता धर्माचं काय करू?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"माझं वय एकतीस. लहानपणापासून आमच्या प्रार्थनास्थळात जाते. गेली सहा वर्षं तिथल्या मदतनिधीचा हिशेब लिहिते. आजारी आणि अडल्यानडलेल्या कुटुंबांसाठी लोक विश्वासाने पैसे देतात, त्याचा हा निधी. आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो, त्यांनी मी दहा वर्षांची असताना 'दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही' ही शिकवण मला समजावून सांगितली होती. त्याच काकांनी दोन वर्षं या निधीतून पैसे उचलले. आकडे जुळेनात म्हणून मी मागे जात राहिले आणि माझ्याच हाताने ते बाहेर आलं. समितीला सांगितलं. त्यांनी काकांना आत बोलावलं, काका रडले, समितीने माफ केलं. मला सांगण्यात आलं, की बाहेर बोभाटा नको, धर्माची बदनामी होईल, आणि हिशेबाची वही आता आमच्याकडे आणून दे.

घरात दोन तट पडलेत. धाकटा भाऊ म्हणतो, 'फळावरून झाड ओळखायचं असतं, निघ तिथून.' बाबा म्हणतात, 'माणसं चुकतात, धर्म चुकत नाही. गल्लत करू नकोस.' मला बाबांचं पटत होतं. पण परवा बातम्यांमध्ये दुसऱ्या एका धर्माच्या माणसाने केलेली फसवणूक दाखवत होते, तर बाबा चटकन म्हणाले, 'यांची शिकवणच तशी.' मी त्यांच्याकडे बघतच राहिले. धर्म पारखायचा तो शिकवणीवरून, की तो पाळणाऱ्यांच्या वागण्यावरून? रात्री प्रार्थनेला बसते, तर शब्द खोटे वाटतात.

हिशेबनीस"

प्रिय हिशेबनीस,

तुम्ही तुमच्या धर्माचं नाव लिहिलं नाहीत. पत्र दोनदा वाचल्यावर ते माझ्या लक्षात आलं आणि बरं वाटलं. नाव कळलं असतं, तर उत्तर लिहायला घेण्याआधीच माझं मन कुठेतरी कललं असतं. मी कितीही नाकारलं, तरी कललंच असतं.

बाबांपासून सुरुवात करते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते बाबांचं वाक्य, काकांची चोरी नव्हे. आपल्या माणसाने वाईट केलं, की तो त्याचा पाय घसरला. दुसऱ्यांच्या माणसाने तेच केलं, की ती त्यांची जातकुळी. आपल्यासाठी ग्रंथ उघडायचा आणि त्यांच्यासाठी वर्तमानपत्र. बाबा यात एकटे नाहीत, मीही आहे, आणि तुमचा भाऊही आहे, फक्त त्याने माप उलटं धरलंय. एकेकाळी वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांबद्दल इंग्रज अधिकारी छातीठोकपणे लिहीत असत, की हिंसा यांच्या रक्तातच आहे. त्याच पठाणांमधून खान अब्दुल गफार खानांनी खुदाई खिदमतगार उभे केले. नि:शस्त्र राहण्याची शपथ घेतलेली ती संघटना होती. 1930 मध्ये पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात त्यांच्यावर गोळ्या चालल्या, तरी त्यांनी हत्यार उचललं नाही. सब्र, म्हणजे धीर, हे प्रेषिताचं शस्त्र आहे, असं खानसाहेब त्यांना सांगत. ज्याने त्या लोकांना आधीच तोलून टाकलं होतं, त्याच्या तराजूत हे बसणार कुठे?

भावाचा मुद्दा मला जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्याने म्हण अर्धीच उचलली आहे. फळावरून झाड ओळखण्याचं ते वचन मुळात एका धर्मग्रंथातलं आहे, मत्तयच्या शुभवर्तमानातलं. धर्माविरुद्ध वापरायचं हत्यार त्याने धर्माच्याच घरातून आणलं, याची मला गंमत वाटते. तिथे येशू बोलतो आहे ते खोट्या संदेष्ट्यांबद्दल. मेंढराच्या वेषात लांडगे येतील, त्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा, असं तो सांगतो. म्हणजे हे माप अख्खा धर्म मोजायला दिलेलं नाही. उपदेश करणारा माणूस मोजायला दिलं आहे. काकांना ते तंतोतंत लागू पडतं. धर्माला लावायचं, तर भावाने आधी सांगावं, कुठलं फळ? 2007 मध्ये म्यानमारमधले हजारो बौद्ध भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर आले. मैत्रीचं सूत्र म्हणत ते चालले, आणि लष्कराची भिक्षा नाकारण्यासाठी त्यांनी भिक्षापात्रं उपडी धरली. त्याच देशात, तेच वस्त्र पांघरलेल्या काही भिक्खूंनी पुढच्या काही वर्षांत रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध द्वेषाची भाषणं केली, आणि 2017 मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून पळाले. दोन्ही एकाच झाडाची फळं. ज्याला जे दाखवायचं, तो ते उचलतो.

म्हणून मग बाबा बरोबर का? माणसं चुकतात, धर्म चुकत नाही?

इथे मला थांबायचंय, कारण हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात धर्माला हरायची शक्यताच ठेवलेली नाही. चांगलं घडलं तर ते धर्मामुळे, वाईट घडलं तर तो 'खरा अनुयायी' नव्हताच. ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही, तिला आपण परीक्षा म्हणत नाही.

हा वाद तुमच्या घरात पहिल्यांदा झालेला नाही. 1936 मध्ये तो आपल्याकडच्या दोन मोठ्या माणसांमध्ये झाला आणि त्याहून नेमका झालेला मी तरी वाचलेला नाही. लाहोरच्या एका जातिविरोधी मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषणाचा मसुदा वाचून मंडळी बिचकली, काही भाग गाळा म्हणाली. आंबेडकरांनी नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि न झालेलं ते भाषण त्यांनी छापून लोकांपुढे ठेवलं. त्यातला एक युक्तिवाद बाबांच्या वाक्याच्या मुळावरच येतो. जात पाळणारा माणूस दुष्ट आहे म्हणून जात पाळत नाही, तो मनापासून धार्मिक आहे म्हणून पाळतो. तेव्हा माणसांवर राग धरण्यात अर्थ नाही, त्यांना ते शिकवणाऱ्या शास्त्रांना भिडलं पाहिजे. म्हणजे बाबा सांगतात त्याच्या नेमकं उलट.

त्यावर गांधीजींनी लिहिलं, की धर्म त्याच्या सर्वांत वाईट नमुन्यांवरून जोखायचा नसतो, त्याने घडवलेल्या उत्तम माणसांवरून जोखायचा असतो. ऐकायला किती रास्त वाटतं! आंबेडकरांनीही उत्तरात ते मान्यच केलं. आणि मग विचारलं, की ठीक, पण वाईट इतके जास्त आणि चांगले इतके थोडे, असं का? त्यांच्या मते याची दोनच कारणं संभवतात. एक तर ती सगळी वाईट माणसं जन्मतःच सुधारण्यापलीकडची आहेत, किंवा त्यांच्यापुढे ठेवलेला आदर्शच चुकीचा आहे आणि चांगली माणसं त्या आदर्शाला न जुमानता चांगली राहिली आहेत. पहिलं कारण कुणालाही पटणार नाही. मग राहतं ते दुसरं.

मी गांधीजींच्या बाजूने हे पुष्कळदा वाचून पाहिलं. संत दाखवून प्रश्न मिटत नाही, हे मला कबूल करावं लागलं. दहा-वीस थोर माणसं प्रत्येक धर्माकडे असतात. मधल्या लाखो साध्या, ना संत ना चोर अशा माणसांकडून तो धर्म रोजच्या रोज काय करवून घेतो, काय सहज चालवून घेतो आणि कशाची लाज वाटायला लावतो, हे बघायला हवं.

हे सूत्र आता तुमच्या प्रसंगाला लावून पाहू. लावल्यावर मला जे दिसलं, ते तुम्हाला थोडं टोचेल.

काकांची चोरी ही शिकवणीविरुद्धची चोरी आहे. 'घे' असं सांगणारं एकही वाक्य तुमच्या धर्मात नसणार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असली माणसं सगळीकडे असतात. नास्तिकांच्या संस्थांमध्येही गल्ल्यात हात घालणारे निघतातच. एवढ्यावरून धर्माबद्दल काहीच सिद्ध होत नाही. फार तर एवढंच दिसतं, की तोंडपाठ शिकवण हाताला थांबवायला पुरत नाही, आणि तेही नवीन नाही. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन यांचा एक प्रयोग आहे, प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर केलेला. रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची जी बोधकथा आहे, तिच्यावर त्यातल्या काहींना बोलायचं होतं, बाकीच्यांना दुसऱ्या विषयावर. भाषणाला जाण्याच्या वाटेवर एक माणूस मुद्दाम खोकत, विव्हळत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी फक्त 10 टक्के. ती गोष्ट डोक्यात घोळत होती की नाही, याने म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर तीच गोष्ट सांगायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले. मला हे वाचून त्या मुलांचा राग आला नाही. उलट वाटलं, निधीच्या पेटीची किल्ली एकाच माणसाकडे आणि विचारणारं कुणी नाही, अशी व्यवस्था वर्षानुवर्षं ज्यांनी चालू ठेवली, त्यांनी काकांच्या शिकवणीवर नको तेवढा भार टाकला.

समितीचं मात्र तसं नाही. समिती शिकवणीविरुद्ध वागली नाही, तिने शिकवण हातात घेऊन दार लावलं. 'क्षमा' हा शब्द तुमच्या धर्मातला आहे. 'आपल्या श्रद्धेला कमीपणा येईल असं वागू नये' हेही तिथलंच. 'वडीलधाऱ्यांचं ऐकावं' हेही असेल. हे तीन शब्द एकत्र आले आणि पैसे गेलेल्या आजारी माणसांचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. तुमच्या पत्रातही नाही, हे सहज सांगते, दोष म्हणून नाही. काका रडले, समितीने माफ केलं, आणि ज्यांचे पैसे होते त्यांना हे कळलेलंही नाही. जे आपलं नव्हतंच, ते यांनी माफ कसं केलं?

धर्माची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती इथे घ्या. क्षमा या शब्दाबरोबर तुमची परंपरा आणखी काय काय सांगते, ते उघडून बघा. बहुतेक परंपरांनी ही पळवाट ओळखून फार पूर्वीच बुजवलेली आहे. यहुदी परंपरेत प्रायश्चित्ताचा दिवस माणूस आणि देव यांच्यामधली पापं धुतो, पण दुखावलेल्या माणसाची समजूत काढल्याशिवाय माणसामाणसातली पापं धुतली जात नाहीत, असं मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमग्रंथात स्पष्ट लिहिलेलं आहे. इस्लाममध्ये माणसांचे हक्क असा वेगळा विचारच आहे. कुणाचं घेतलेलं परत केल्याविना नुसती तौबा, म्हणजे पश्चात्ताप, पुरत नाही. बौद्ध भिक्खूसाठी चोरी ही चार पाराजिकांपैकी एक, म्हणजे ती करणारा भिक्खूच राहत नाही, तो कितीही विद्वान असो. आणि शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन असं आपण होऊन म्हणतो, तेव्हा कुठे येशू म्हणतो, की आज या घराला तारण मिळालं.

तुमच्या धर्मात असं काही सापडलं, तर समितीने शिकवण अर्धीच वाचली, आणि तुम्ही ती पुरी वाचून त्यांच्यापुढे ठेवू शकता. नाहीच सापडलं, जिथे तिथे मोठ्यांचा मान आणि संस्थेची अब्रू एवढंच सापडलं, तर आंबेडकरांचा प्रश्न तुमच्या दारात येऊन उभा राहील. तेव्हा बाबांचं वाक्य म्हणून त्याला परत पाठवू नका.

शिकवण आणि वागणं या दोन्हींपेक्षा मला तिसरीच गोष्ट जास्त बोलकी वाटते. चूक दाखवणाऱ्याचं पुढे काय होतं? क्वेकर हा ख्रिस्ती पंथ शांतता, साधेपणा आणि प्रत्येक माणसातल्या दैवी प्रकाशासाठी ओळखला जातो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे गुलाम होते. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी लेखी निषेध केला, की दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण वागायचं, हे आपण मानतो ना, मग हे काय चाललंय? तो कागद एका सभेतून वरच्या सभेत, तिथून आणखी वर गेला आणि बाजूला पडला. पुढे बेंजामिन ले नावाचा एक तऱ्हेवाईक क्वेकर आला. 1738 च्या वार्षिक सभेत त्याने आतून पोखरलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी ठेवून तिच्यात तलवार खुपसली आणि तो 'रक्ता'चा सडा गुलामांच्या मालकांवर उडवला. त्याला पंथाबाहेर काढलं. फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने सदस्यांना गुलाम बाळगायला बंदी केली ती 1776 मध्ये. पहिल्या कागदानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी.

हे उदाहरण मी आशेचं म्हणून देत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांत किती माणसं गुलामीतच मेली असतील! पण बघा, शिकवण तीच, वागणं वाईट, आणि तरी त्या शिकवणीत असं काहीतरी होतं जे वापरून आतल्याच माणसाला 'हे चूक आहे' म्हणता आलं. आणि त्यांच्याच समाजात असंही काहीतरी होतं जे त्याला बाहेर फेकत होतं. दोन्ही खरं. त्यांच्याच बायबलमधलं 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' हे वाक्य उचलून दुसरे ख्रिस्ती गुलामगिरीचं समर्थन करत होते. याच वादातून 1845 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाप्टिस्ट पंथीयांनी वेगळी चूल मांडली, आणि माफी मागायला 1995 उजाडलं. ग्रंथात दोन्ही होतं, मग 'शिकवण काय' याला एकच उत्तर कसं असेल?

आता थोडं माझं. तरुणपणी एका मोठ्या वक्त्याचं खोटं माझ्यासमोर उघडं पडलं. त्यानंतर दहा वर्षं मी ते ग्रंथ उघडले नाहीत. पुढे कशासाठी तरी उघडले, तेव्हा जाणवलं, की इतकी वर्षं प्रत्येक ओळ मी त्याच्याच आवाजात वाचत होते. आवाज गेल्यावर काही ओळी फार सुंदर निघाल्या. काही मात्र आवाजाशिवायही वाईटच निघाल्या. तुम्हालाही शब्द खोटे वाटतात ते कदाचित यामुळेच, की ते दहाव्या वर्षी काकांच्या तोंडून ऐकलेत. किंवा, आणि मला याची शंका जास्त येते, एक गोष्ट दडवायला सांगितलेल्या तोंडाने तुम्ही प्रार्थना म्हणताय. या दोन्हीत फरक आहे, आणि दुसऱ्यावर इलाज आहे.

अख्ख्या धर्माचा निकाल तुमच्याकडे कुणी मागितलेला नाही. भावाने, बाबांनी तो मागितला, कारण तुम्ही कुठल्या बाजूला जाता यावर त्यांचा वाद जिंकायचा आहे. 'या धर्मात जन्मलो, पण या धर्मात मरणार नाही' असं आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्याला सांगितलं, आणि बौद्ध धम्म स्वीकारला तो 1956 च्या ऑक्टोबरमध्ये. मध्ये एकवीस वर्षं ते वाचत, तपासत होते. जो धर्म घेतला, त्यातल्या भिक्खूंनाही त्यांनी सोडलं नाही. स्वतः परिपूर्ण होणं हे भिक्खूचं ध्येय, की समाजाची सेवा, असं त्यांनी विचारलंच. त्यांच्यासारख्या माणसाला एकवीस वर्षं लागली, तर तुम्हाला जेवणाच्या पानावर उत्तर द्यायची काहीच सक्ती नाही.

या आठवड्यात ठरवायचं आहे ते फार लहान आहे. समितीला लेखी विचारा, किती पैसे गेले, ते कुणाला मिळायला हवे होते, काका ते कधी परत करणार, आणि यापुढे निधीवर दोघांच्या सह्या आणि बाहेरचा हिशेब तपासनीस असेल का. काकांना चव्हाट्यावर आणा असं मी म्हणत नाही, त्यांचं वय झालं असेल, घर असेल. पण ज्या कुटुंबांना तेव्हा 'निधीत शिल्लक नाही' असं सांगून परत पाठवलं असेल, ती तुम्हाला नावानिशी माहीत असतील. नोंदी तुम्हीच लिहिल्यात ना? त्यांच्यासमोर बसायची तुमची तयारी असू द्या.

बाबांशी भांडू नका. पुन्हा तशी बातमी लागली आणि ते पुन्हा तसं बोलले, तर एवढंच विचारा, "बाबा, आणि आपले काका?" पुढे काही बोलू नका, त्यांना बोलू द्या. भावाला सांगा, की तू निघून गेलास तेव्हा तुझ्या हातात वही नव्हती.

आणि वही द्याच, ती संस्थेची आहे. पण देण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढून घ्या, आणि दिल्याची तारखेसह पोच मागा.